स्वच्छ दिसणारी जखम

आमच्या नात्यातील एका साखरेच्या आजाराच्या गृहस्थांना पायाच्या बोटाला जखम झाली. महिनाभर आम्हीच त्यांना ड्रेसिंगला नेत होतो. पू नाही, वास नाही, सूज नाही. "जखम स्वच्छ आहे," असे ऐकून आम्ही समाधानाने घरी येत असू. अखेर ते बोट काढावे लागले. तेव्हापासून आम्हाला एकच प्रश्न छळतो : स्वच्छ दिसणारी जखम खरोखर स्वच्छ असते काय?

अमेरिकेतील १४ जखम-उपचार केंद्रांत ३५० रुग्णांच्या जखमा तपासल्या गेल्या. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २८७ जखमांत एका ग्रॅम मांसात १० हजारांहून अधिक जंतू निघाले. नुसत्या लक्षणांवरून पाहिले तेव्हा यांतील सुमारे ८५ टक्के जखमांतले जंतू लक्षातच आले नव्हते!

तेथे डोळ्यांच्या मदतीला एक यंत्र होते. मॉलिक्युलाइट हे त्याचे नाव, ते कॅनडात तयार झाले. खोलीत अंधार करून जखमेवर ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश टाकतात. बहुतेक जंतू पोरफिरिन नावाचे द्रव्य बनवतात, ते या प्रकाशात लाल चमकते. स्यूडोमोनास हा चिवट जंतू निळसर-हिरवा दिसतो. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. सुई नाही, औषध नाही. जखम नेमकी कोठे साफ करायची, ते तेथल्या तेथे कळते. कल्चर रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

मात्र यंत्राला देव मानू नये. हा प्रकाश जेमतेम दीड मिलिमीटर आत पोहोचतो. हाडाला लागलेली कीड त्यात दिसत नाही. काही जंतू चमकतच नाहीत. कोणते औषध लागू पडेल, हेही यंत्र सांगत नाही. त्यासाठी कल्चरच हवे.

असे यंत्र सगळ्याच दवाखान्यांत नसते. पण प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. घरात साखरेचा रुग्ण असेल तर रोज रात्री त्याचे तळपाय व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. जखम दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. उपचार करूनही ती भरत नसेल, तर "साहेब, कल्चर करायचे काय?" असे स्पष्ट विचारा. माता-भगिनींनीही विचारावे, भिडेखातर गप्प बसू नये.

आम्ही विचारले नाही. तुम्ही विचारा.