हॅनिबल सर आणि जमावाच्या टाळ्या

झोल्तान फाब्री यांचा १९५६ सालचा हंगेरियन चित्रपट इंग्रजीत 'प्रोफेसर हॅनिबल' म्हणून ओळखला जातो. मूळ शीर्षकाला मराठीत 'हॅनिबल सर' हेच अधिक शोभेल. कारण त्याचा नायक बेला न्यूल हा कोणी विद्यापीठीय पंडित नव्हे, तर बुडापेस्टमधील शाळेत लॅटिन शिकवणारा भिडस्त, संसारी शिक्षक आहे. हंगेरियन भाषेत 'न्यूल' म्हणजे ससा.

हा शिक्षक हॅनिबलच्या मृत्यूवर निबंध लिहितो. हॅनिबलने आत्महत्या केली, ही रूढ समजूत त्याला मान्य नाही. एवढ्याशा प्रतिपादनावरून उजव्या गटाची मंडळी त्याला राष्ट्रद्रोही ठरवतात. अखेर रोमन अ‍ॅम्फीथिएटरच्या अवशेषांत भरलेल्या सभेत तो आपले म्हणणे मागे घेतो. क्षणापूर्वी जिवावर उठलेला जमाव आता जयजयकार करीत त्याच्याकडे धावतो. भेदरून मागे सरकताना तो खाली कोसळतो आणि मरतो.

फेरेन्त्स मोरा यांच्या लघुकादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला १९५७ साली कार्लोव्ही व्हारी महोत्सवात गौरव लाभला. कथा होर्टीच्या राजवटीतली असल्याने त्यावर 'फॅसिझमविरोधी' असा शिक्का सहज बसतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. चित्रपट प्रदर्शित झाला ऑक्टोबर १९५६ मध्ये, २३ तारखेच्या उठावाच्या अवघे काही दिवस आधी. राकोशीच्या काळात माणसांकडून वदवून घेतलेले जाहीर कबुलीजबाब त्या प्रेक्षकांच्या स्मरणात ताजे होते.

आमच्या मते चित्रपटाचा खरा रोख पुढाऱ्यांपेक्षा जमावावर आहे. त्या गर्दीला निबंधाशी कर्तव्यच नाही. तो न वाचताच ती खवळते आणि न वाचताच क्षमाही करते. साहित्याच्या अभ्यासकांनी या दुसऱ्या गोष्टीची धास्ती अधिक बाळगावी. न वाचता घातलेल्या शिव्या आपल्याला खटकतात. न वाचता मिळालेली दाद मात्र आपण निमूटपणे स्वीकारतो.

न्यूल सरांना हुतात्मा म्हणण्याची सोयही फाब्री ठेवत नाहीत. सत्यासाठी मरणारा माणूस वर्गात शिकवायला सोपा असतो. हे सर सत्य सोडून देतात आणि तरीही वाचत नाहीत. आम्ही त्यांना भित्रे म्हणणार नाही. मुलाबाळांचा माणूस त्या सभेत उभा आहे, हे विसरता येत नाही. मात्र माघार घेतल्याने जीव तरी वाचतो, हा आपल्या शिक्षकी पेशातला जुना हिशेब या शेवटापुढे टिकतो का, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे.