‘पठाण’ जहाज आणि आपली सोयीची विस्मृति

आरमाराची गोष्ट निघाली म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींच्या वाणीला भरतें येतें. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी, कान्होजी आंग्रे हीं नांवें धडाधड घेतलीं जातात, आणि तीं घेतलींच पाहिजेत. परंतु त्याच दर्यांत, मुंबईच्या अगदीं दाराशीं, १९४० सालीं जो खलाशी गस्तीच्या जहाजाबरोबर तळाशीं गेला त्याचें नांव विचारा. व्याख्याते पाण्याचा पेला उचलतात.

इटली १९४० च्या १० जूनला युद्धांत उतरली. अवघ्या तेरा दिवसांनीं, २३ जून रोजीं, शाही हिंदी आरमाराचें ‘पठाण’ हें गस्तीचें जहाज मुंबईबाहेर बुडालें. जहाज पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या बांधणीचें, म्हणजे तेव्हांच जुनें झालेलें. ज्या दिवसांत कोंकणचा कोळीसुद्धां होडी वर ओढून शाकारून ठेवतो, त्या दिवसांत हे लोक समुद्रावर पहारा करीत होते. जहाज बुडालें कशानें? कांहीं ग्रंथकार सांगतात, ‘गॅल्व्हानी’ नांवाच्या इटालियन पाणबुडीनें तें बुडविलें. पण ती पाणबुडी दुसऱ्याच दिवशीं ओमानच्या आखातांत ‘फालमथ’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या माऱ्यानें बुडाली. तें ठिकाण मुंबईपासून कित्येक शें मैल दूर; एका दिवसांत तेवढा पल्ला गांठणारी पाणबुडी त्या काळीं जगांत नव्हती. दुसरे म्हणतात, पाणबुडीवर टाकण्यासाठीं जहाजावर ठेवलेल्या बाँबांचाच स्फोट झाला. पहिल्या बाजीरावाचा घोडा कोणत्या रंगाचा होता, या प्रश्नावर आमच्याकडे वर्षभर पत्रोपत्रीं चालूं शकते. मुंबईच्या उंबऱ्यावर मेलेल्या माणसाला शत्रूनें मारलें कीं त्याच्याच दारूगोळ्यानें, हें ठरविण्याची निकड मात्र कोणास भासली नाहीं.

यावर एक ठराविक उत्तर मिळतें: हे लोक साम्राज्याचे पगारी चाकर होते, त्यांचें स्मरण स्वतंत्र देशानें काय म्हणून करावें? या आक्षेपांत मुळींच तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. १९३९ च्या सप्टेंबरांत व्हाइसरॉयांनीं येथील एकाही लोकप्रतिनिधीस न विचारतां हा देश युद्धांत लोटला, हें खरेंच आहे. पण हा आक्षेप कोणाच्या तोंडीं शोभतो? आपल्यांपैकीं कितीएकांचे आजे-पणजे मामलेदार होते, मुन्सफ होते, कलेक्टर कचेरींत कारकून होते. त्यांचाही पगार त्याच सरकारच्या तिजोरींतून येत असे. त्यांच्या तसबिरी दिवाणखान्यांत आहेत आणि त्यांना हारही पडतात. पगडीनें घेतलेला पगार सोज्ज्वळ आणि खलाशाच्या टोपीनें घेतलेला तेवढा गुलामीचा, हा न्याय कोणत्या स्मृतींत सांगितला आहे?

शिवाय १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं ‘तलवार’ या मुंबईच्या नाविक ठाण्यांत जे उठले ते तरी कोण? त्याच आरमाराचे, तोच पगार घेणारे. त्यांचें स्मारक कुलाब्यास उभें आहे, तें योग्यच झालें. मग जो १९४६ पर्यंत जगला तो देशभक्त, आणि जो १९४० त किंवा १९४५ त बुडाला तो भाडोत्री, हा निवाडा आपण मृत्यूच्या तारखेवरून करतों काय?

खरें कारण आपण मोठ्यानें बोलत नाहीं. युद्धापूर्वीं या आरमाराच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यांतील कोंकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. आपल्या सभासंमेलनांत ज्यांच्या घरचें कोणी नाहीं, त्यांच्या मृतांची आठवण कोण काढणार?

१९४४-४५ त हेंच आरमार आराकानच्या किनाऱ्यावर लढलें. तेथल्या त्याच्या मोटार-लाँचा ११२ फूट लांबीच्या, लांकडी. पोटांत दोन हजार गॅलनांहून अधिक पेट्रोल. तिवरांनीं भरलेल्या अरुंद खाड्यांतून त्या रात्रीच्या अंधारांत शिरत. दाभोळच्या खाडींत वाढलेल्या मुलाला तो देखावा अनोळखी वाटला नसता. एक गोळी टाकीवर बसली तर काय होईल, हें त्या प्रत्येकास ठाऊक होतें.

ज्यांना समुद्राखेरीज थडगें नाहीं, अशा आरमारी व व्यापारी खलाशांचीं सहा हजारांवर नांवें दुसऱ्या महायुद्धाच्या यादींत आहेत. तिची एक प्रत चितगांवच्या युद्धस्मशानांत आणि दुसरी मुंबईस खलाशांच्या वसतिगृहांत, म्हणजे इंडियन सेलर्स होममध्यें. ती इंग्रजींत आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या आईला तें अक्षर लावतां आलें नसतें. आमच्या साहित्यसंस्था दरसाल जाडजूड स्मरणिका काढतात. यंदां एकीनें तरी रत्नागिरी जिल्ह्यापुरतीं तीं नांवें देवनागरींत, गांववार लावून छापावीं. त्यासाठीं विलायतेस जावें लागत नाहीं. मशीद बंदर स्थानकावर उतरून थोडें चालावें लागतें.