शेवटचं कडवं कुणी कापलं?

यंदा १४ एप्रिलला शहपुऱ्यात होतो. जबलपूरजवळचं हे हिंदी बोलणारं गाव, पण मिरवणुकीच्या डीजेवर वामनदादांचं मराठी गाणं वाजत होतं आणि पोरांना शब्द पाठ होते. दोन कडवी झाली नि गाणं पुढच्या ट्रॅकमध्ये मिसळलं. ‘किसने लिखा?’ विचारलं. उत्तर आलं, ‘यूट्यूब का है.’

शेवटच्या कडव्यात वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आपलं नाव गुंफत. देशवंडीचा, सिन्नर तालुक्यातला हा माणूस मोठेपणी अक्षरं शिकला आणि गावोगाव गात फिरला. ‘वामन’ ही नाममुद्रा म्हणजे त्यांची सही. डीजेच्या मिक्समध्ये नेमकी तीच कापली जाते.

आजच्या गायकांचंही वेगळं नाही. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर गातात. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्यांना घराघरात नेलं. आवाज पोचतो, दौरे वाढतात, हे चांगलंच. पण दौरे म्हणजे मुख्यतः जयंतीचा सीझन. एप्रिल-मेमध्ये एका रात्रीत दोन गावं, नंतर शुकशुकाट. वर्षभर चालतं ते रेकॉर्डिंग, आणि त्याचा पैसा ज्याचं चॅनल त्याच्याकडे जातो. मानधन ठरवताना ‘समाजाचं काम आहे’ हे वाक्य ठरलेलं. मंडपवाल्याला, जनरेटरवाल्याला ते कुणी ऐकवत नाही.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. हक्क लेखी सहीशिवाय हस्तांतरित होत नाहीत, तोंडी ‘हो दादा’ पुरत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात; प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे.

हे वाचता येणारी घरातली पहिली पिढी आपण. पण चॅनल उघडून, वर निळं ‘जय भीम’ लिहून, गीतकाराचं नाव न टाकता गाणी चढवणारेही आपल्यातलेच पदवीधर आहेत. बाहेरच्या कंपन्यांवर बोलण्याआधी हे बोलायला हवं.

पुढच्या जयंतीला समितीच्या हिशेबात गायकाचं मानधन मंडपाच्या आधी लिहा, ॲडव्हान्स द्या. गावातल्या शाहिराच्या हातात कराराचा कागद आला, तर सही करण्याआधी शेजारी बसून वाचून दाखवा. व्हिडिओखाली गीतकार, संगीतकार, गायक, तिघांची नावं टाका. आणि डीजेवाल्याला सांगा, गाणं पूर्ण वाजव. शहपुऱ्याच्या पोरांना मी ते पूर्ण पाठवलंय. एकाने लगेच फोन केला, ‘भैया, ये वामन कौन है?’