कंपनीच्या नफ्याचे काय करायचे?



उत्पादक कंपन्यांच्या सभांत एक मागणी हमखास येते: कंपनी आपली, मग कापसाला क्विंटलमागे १०० रुपये जास्त का नाहीत? कापूस एकाधिकार आठवा. १९७२ साली सुरू झालेल्या त्या योजनेत भाव सरकार ठरवी, रुई मात्र बाजारातच विकावी लागे. भाव ठरवताना बाजारापेक्षा मतांचा हिशेब मोठा. तोटा साचला, चुकारे रखडले. २००२ साली व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली आणि मक्तेदारी संपली.

आमचे म्हणणे, खरेदी बाजारभावाने, चोख काट्यावर, रोखीने व्हावी. रुई-सरकी विकून उरेल त्यातून आधी राखीव निधी, मग ज्याने जितका माल घातला त्या प्रमाणात बोनस. उत्पादक कंपनीच्या कायद्यात ही तरतूद आहेच.

राहिला दोन पोती ज्वारी आणणारा. त्याचा माल उचलणे कंपनीला परवडत नाही. तरी उचलावा, पण तो खर्च ताळेबंदात वेगळा दाखवून सभासदांची मंजुरी घ्यावी. संचालकांनी परस्पर दाखवलेली दानत (तीही दुसऱ्याच्या पैशावर!) आम्हाला मान्य नाही.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या कंपनीचा ताळेबंद सोबत आणावा.