विश्लेषण : बिशपांशी मतभेद झाले, तर सामान्य कॅथलिकांनी काय करावे?

रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात माणसे घोळक्याने उभी राहतात. बिशपांनी अमुक निर्णय का घेतला, शाळेच्या जागेचे काय झाले, दिल्लीत नेत्यांसोबत फोटो कशाला काढला, असे सगळे तिथे बोलले जाते. फादर जवळ आले की विषय बदलतो. संध्याकाळी तेच मत व्हॉट्सअ‍ॅपवर निनावी फॉरवर्ड होऊन फिरते. ज्यांना ते कळायला हवे, त्या बिशपांपर्यंत मात्र ते पोहोचतच नाही. पुण्यातल्या कोणत्याही पॅरिशमधल्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल.

बिशपांचे म्हणणे पटले नाही तर दोनच वाटा आहेत, असा आपला समज असतो : गप्प बसायचे किंवा भांडून बाहेर पडायचे. खुद्द चर्चचा कायदा मात्र तिसरी वाट दाखवतो, आणि ती फारशी कोणी वापरत नाही.

हा प्रश्न आताच का?

गेल्या काही वर्षांत मतभेद उघडपणे समोर आले आहेत. २५ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या निवासस्थानी नाताळचा कार्यक्रम झाला. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांच्यासह अनेक ख्रिस्ती धर्मनेते त्याला उपस्थित होते. त्यानंतर काही दिवसांतच तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती नागरिकांनी 'आमच्या नावाने नको' अशा आशयाचे निवेदन सह्यांनिशी प्रसिद्ध केले. मणिपूरसारख्या घटनांवर धर्मनेत्यांनी तिथे तोंड का उघडले नाही, हा त्यांचा सवाल होता. सत्तेशी संवाद ठेवणे हे बिशपांचे कामच आहे, असे मानणारेही पुष्कळ होते.

२०२५ मध्ये केरळच्या बिशप परिषदेने राज्यातील खासदारांना वक्फ कायद्यातील तरतुदी बदलण्याच्या बाजूने मत द्या, असे आवाहन केले. त्यावरही कॅथलिक समाजात दोन तट पडले. कोण बरोबर होते, हा या लेखाचा विषय नाही. पटले नाही तर ते सांगायचे कसे आणि कुठे, एवढाच प्रश्न आहे.

माहीममध्ये १८५३ साली काय घडले?

बिशपांवरून भांडण ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मुंबईत दोनशे वर्षे हा वाद चालला. पोर्तुगालच्या राजाला आपल्या क्षेत्रातील चर्चवर बिशप नेमण्याचा जो अधिकार पोपनी दिला होता, त्याला 'पाद्रुआदो' म्हणत. दुसरीकडे रोममधील 'प्रोपागांडा' हे खाते थेट आपले प्रतिनिधी पाठवू लागले. १७२० मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारने गोव्याच्या पाद्रींना बाहेर काढले आणि रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंना आणले. तेव्हापासून कोणाला मानायचे, गोव्याच्या आर्चबिशपांना की रोमच्या प्रतिनिधीला, यावरून पॅरिश दुभंगत गेल्या.

१८५३ मध्ये हा वाद अप्पर माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या दारात येऊन ठेपला. रोमने नेमलेले स्विस कपुचिन बिशप अनास्तासियस हार्टमन चर्च सोडायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःला आत कोंडून घेतले. बाहेर पाद्रुआदोच्या बाजूच्या लोकांनी वेढा घातला. सुमारे पंधरवडा हे चालले. शेवटी सरकारी यंत्रणेला मध्ये पडावे लागले आणि चर्च पाद्रुआदो पक्षाकडे गेले.

वेढा घालणारे जिंकले, पण प्रश्न सुटला नाही. १८८६ च्या करारानंतरही एकाच शहरात दोन बिशपांचा अधिकार चालू राहिला. तो संपायला १९२८ उजाडले, आणि तेही रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या करारामुळे. मधल्या काळात शेजारी शेजारी राहणारी कॅथलिक घरे वेगवेगळ्या बिशपांची म्हणून ओळखली गेली. माहीमचे लोक भित्रे नव्हते. पण आपले म्हणणे मांडायला चर्चमध्ये त्यांच्यासाठी कोणतीही रीत नव्हती, म्हणून त्यांच्या हाती वेढाच उरला. आज तशी स्थिती नाही.

चर्चचा कायदा काय म्हणतो?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) सामान्य भाविकांचे स्थान नव्याने मांडले. त्यावर आधारलेली कॅथलिक चर्चची कायदासंहिता, म्हणजे कॅनन लॉ, १९८३ मध्ये लागू झाली. तिच्यातील २१२ वे कलम प्रत्येक कॅथलिकाने वाचावे असे आहे. त्याचे तीन भाग आहेत. श्रद्धेचे शिक्षक आणि चर्चचे प्रमुख म्हणून बिशप जे ठरवतात ते भाविकांनी पाळावे, हा पहिला. आपल्या गरजा आणि इच्छा त्यांच्यापुढे मांडण्याची भाविकांना मोकळीक आहे, हा दुसरा.

तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. ज्ञान, पात्रता आणि स्थान यांनुसार चर्चच्या हिताच्या बाबतीत आपले मत धर्मगुरूंना कळवणे हा भाविकांचा हक्क आहे आणि कधी कधी कर्तव्यही आहे, असे तो सांगतो. ते मत इतर भाविकांपुढे मांडण्याचीही मुभा त्यात आहे. अटी अशा : श्रद्धा आणि नीतिमत्तेला धक्का लागू नये, धर्मगुरूंबद्दल आदर राहावा, सर्वांचे हित आणि माणसांची प्रतिष्ठा जपली जावी.

थोडक्यात, बोलणे हा आज्ञाभंग नाही. आणि कधी कधी गप्प बसणे म्हणजे कर्तव्य टाळणे ठरते.

मतभेद नेमका कशावर आहे?

सगळे मतभेद एका मापाने मोजता येत नाहीत. गफलत बहुतेक वेळा इथेच होते.

बिशप चर्चची शिकवण सांगत असतील, तर 'मला पटत नाही' हे पुरेसे कारण होत नाही. तिथे आधी समजून घेणे, वाचणे, विचारणे येते. पुण्यासारख्या शहरात तर याला निमित्त नाही. नगर रस्त्यावर पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ पासून आहेत. ईश्वरज्ञान शिकवणारी माणसे हाकेच्या अंतरावर आहेत.

बिशपांचा एखादा प्रशासकीय निर्णय तुमच्यावर थेट अन्याय करणारा असेल, तर त्यासाठी वेगळी रीत आहे. निर्णय कळल्यापासून दहा दिवसांत तो बदलण्याची लेखी विनंती आधी खुद्द बिशपांकडेच करायची (कलम १७३४). तिथे दाद मिळाली नाही, तर पंधरा दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे रोमकडे, जाता येते (कलम १७३७). ही मुदत आपल्या लोकांना माहीत नसते. चार महिने आवारात कुरकुर केल्यावर जाग येते, तोवर दार बंद झालेले असते.

बिशप राजकीय मत देत असतील, तर ते एका जबाबदार माणसाचे मत म्हणून ऐकावे. पण कोणता कायदा चांगला, कोणता पक्ष बरा, हे ठरवणे नागरिक म्हणून तुमचे काम आहे. इथे सह्यांचे निवेदन काढणे पूर्णपणे योग्य आहे. अट एकच, खाली नाव असावे.

पैसा आणि जमिनीचा हिशेब मागता येतो का?

येतो. भाविकांनी दिलेल्या देणग्यांचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती असलीच पाहिजे, असे कलम ५३७ सांगते. आपल्या पॅरिशच्या अर्थसमितीवर कोण आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? हिशेब मागणे म्हणजे फादरांवर चोरीचा आळ घेणे नव्हे. घरातला कर्ता महिन्याचा खर्च सांगतो, तेव्हा त्याचा अपमान होत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक दार आहे. मालमत्ता सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या नावावर असेल, तर तिला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. अशा संस्थेची जमीन विकायची तर कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तिथे हितसंबंधी व्यक्तीला आक्षेप नोंदवता येतो. पण हे दार आधी नव्हे, नंतर ठोठावायचे. आधी पॅरिश, मग बिशप, आणि तिथे लेखी उत्तर मिळाले नाही तर सरकार.

गुन्हा घडला असेल तर?

इथे मात्र क्रम उलटा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हाच गुन्हा ठरतो. 'आधी बिशपांना भेटू, समाजाची बदनामी नको' हा सल्ला देणारा माणूस कितीही भला असला, तरी तो ऐकायचा नाही. खुद्द चर्चनेही बिशपांविरुद्धच्या तक्रारींसाठी नियम केले आहेत. पोप फ्रान्सिस यांनी ते २०१९ मध्ये जारी केले आणि २०२३ मध्ये कायम केले. देशाच्या कायद्यानुसार असलेली कर्तव्ये त्यामुळे कमी होत नाहीत, हे त्या नियमांतच लिहिले आहे.

काय करू नये?

केरळकडे पाहावे. सिरो-मलबार चर्चच्या सिनॉडने २०२१ मध्ये सर्वत्र एकाच पद्धतीने मिस्सा करण्याचा निर्णय घेतला. एर्नाकुलम-अंगमाली आर्चडायोसिसमधील बहुसंख्य धर्मगुरू आणि भाविकांना तो मान्य नव्हता. त्यांची तक्रार पोकळ नव्हती. पण भांडण वेदीपर्यंत गेले. २०२२ च्या नाताळात कोचीच्या सेंट मेरीज बॅसिलिकात धक्काबुक्की झाली आणि ते दीर्घकाळ बंद राहिले. अखेर २०२५ मध्ये तडजोड निघाली : रविवारी आणि सणाला निदान एक मिस्सा नव्या पद्धतीने, बाकी जुन्या पद्धतीने. हे शहाणपण चार वर्षांपूर्वीही सुचू शकले असते. त्यासाठी बिशपांनी आधी ऐकायला हवे होते आणि विरोधकांनी वेदी रणांगण करायला नको होती.

मिस्सा, संस्कार आणि दफन ही दबावाची हत्यारे नव्हेत, इतके पथ्य दोन्ही बाजूंनी पाळावे. दुसरे पथ्य निनावी पत्रकांचे. नाव नसलेल्या पत्राला उत्तर द्यायची जबाबदारी कोणावरच येत नाही.

'चर्च म्हणजे लोकशाही नव्हे' याचे काय?

हा आक्षेप खरा आहे. बिशप मतदानाने येत नाहीत, त्यांना पोप नेमतात. पॅरिश कौन्सिलचे काम सल्ला देण्याचे आहे, हुकूम काढण्याचे नाही. पण लोकशाही नाही म्हणजे ऐकून घ्यायचे नाही, असे होत नाही. अंत्युखियात संत पॉल यांनी संत पीटर यांना सर्वांसमोर सुनावले, हे बायबलच सांगते. पॉल यांनी त्यासाठी वेगळे चर्च काढले नाही.

मुंबईचेच उदाहरण घ्या. १९३७ पासून आर्चबिशप असलेल्या थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज जेझुइटांनी १९४६ मध्ये भारतीय सहायक बिशप व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्यासाठी स्वतः बाजूला होऊन वाट मोकळी केली. १९५० मध्ये ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. याच रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये चर्चमधील अधिकाराचा वापर आणि गैरवापर यावर 'ब्लॅक पोप्स' हे पुस्तक लिहिले. बिशपांना प्रश्न विचारणे श्रद्धेत बसत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. आपण अल्पसंख्य, चर्चवर हल्ले होताहेत, अशा वेळी घरची लक्तरे वेशीवर का टांगायची? ही भीती मला समजते. पण घरात बोलायला जागा नसली, की माणूस वेशीवर जाऊन बोलतो. ज्या पॅरिशमध्ये वर्षातून एकदा हिशेब वाचला जातो आणि प्रश्नांना उत्तरे मिळतात, तिथली गोष्ट सहसा वर्तमानपत्रात येत नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

एका पानाच्या पत्रापासून. विषय एकच, मागणी एकच, खाली पाच-सात जणांची नावे आणि सह्या. पोच घ्यावी, तारीख लिहावी. महिनाभर वाट पाहून आठवणपत्र द्यावे. बिशप भेटीला बोलावतील तेव्हा जावे, त्यांचीही बाजू ऐकावी. उत्तर 'नाही' आले तरी ते लेखी घ्यावे. कारण सांगून दिलेला नकार मान्य करून पुढे जाता येते. उत्तरच न देणे मात्र मान्य करू नये.

पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ ची. नाना पेठेतले सिटी चर्च त्याहून जवळपास शतकभर जुने, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचे. पेशव्यांच्या चाकरीतल्या कॅथलिक सैनिकांसाठी ते उभे राहिले. म्हणजे पुण्याला स्वतःचा बिशप मिळण्याआधी इथे माणसे होती, त्यांची प्रार्थना होती. बिशप येतात आणि जातात. जॉन रॉड्रिग्ज २०२३ मध्ये पुण्यात आले आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबईचे आर्चबिशप झाले. पॅरिशमधली कुटुंबे मात्र तिथेच राहतात. चर्चची काळजी त्यांनीही वाहायची असेल, तर आवारातली कुजबुज कागदावर उतरवून, सही करून योग्य दारी द्यायला हवी.