परवाना देशाचा, कसोटी कोणाची?

कोल्हापूरहून निपाणीकडे जाताना कागल मागे पडते आणि थोड्याच अंतरावर राज्य बदलते. परवा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, माझ्याजवळ शिकाऊ परवाना आहे. गाडी निपाणीपर्यंत नेली तर चालेल का?" प्रश्न साधा, परंतु त्याच्या पोटात आपल्या संघराज्याचा एक मूलभूत पेच दडलेला आहे.

कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३ नुसार शिकाऊ परवानाही भारतभर ग्राह्य आहे. मात्र परवान्याबरोबर त्याची बंधनेही सीमा ओलांडतात. मुदत सहा महिन्यांची, गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' हे अक्षर, आणि शेजारी परवानाधारक मार्गदर्शक, तोही गाडी आवरता येईल अशा जागी बसलेला. बंधने मोडली तर परवान्याचा आधार कागलातही नाही आणि निपाणीतही नाही.

अमेरिकेत चित्र निराळे आहे. तेथे हा विषय घटक राज्यांच्या हाती असल्याने साउथ डकोटात चौदाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, तर न्यू जर्सीत सोळाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. परराज्यातील शिकाऊ परवाना मानावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आपल्या घटनेने यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत घातली आणि संसदेने देशाला एकच कायदा दिला. नोकरी-शिक्षणासाठी राज्य सोडणाऱ्यांची ही मोठीच सोय झाली.

परंतु येथेच अर्थशास्त्राचा विद्यार्थी अडखळतो. जे नाणे देशभर चालते, त्याचा कस सर्वत्र सारखा असावा लागतो. परवान्याचे नाणे मात्र राज्याराज्यांतील असंख्य परिवहन कार्यालयांतून पडते. एखाद्या कार्यालयाने परीक्षा ढिली केली, तर लाभ तेथील उमेदवाराला आणि दलालाला होतो. किंमत मात्र शेकडो कोस दूरचा पादचारी मोजतो. २०२२ साली आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा सारा दोष परवान्यांचा नव्हे. रस्ते, वेग आणि बेफिकिरीही त्यात आहेत. तथापि चालकाची कसोटी हा पहिला बांध आहे, हे कोण नाकारील?

तो बांध नियमांतच कच्चा आहे. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. पण खासगी मोटारीसाठी त्या काळात किती तास सराव केला, हे कोणी विचारीत नाही. मार्गदर्शकाला परवाना हवा, अनुभवाची अट नाही; काल उत्तीर्ण झालेला आज गुरू होऊ शकतो! सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरनसिंग खटल्यात शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे असे मानून विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी टाकली. जखमींच्या दृष्टीने हे न्याय्यच. पण भरपाई म्हणजे सुरक्षितता नव्हे.

उपाय परवाना राज्याच्या हद्दीत कोंडण्यात नाही. सरावाच्या तासांची नोंद, मार्गदर्शकाला किमान अनुभवाची अट, आणि प्रत्येक कार्यालयातील उत्तीर्णांचे प्रमाण दरवर्षी जाहीर करणे, एवढे तरी व्हावे. त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, "जा, पण शेजारी जाणता माणूस बसव." कायद्याने त्याला जाणतेपण विचारलेले नाही, ही खंत मात्र मनातच राहिली.