माप आणि मान

जळगावात १९८० साली भवरलाल जैन यांनी पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू केले. आज पाइप आणि चटया यांमुळे हे प्लॅस्टिकचेही गाव झाले आहे. तरीही आम्हा कला शाखेच्या बहुतेक विद्यार्थ्यांना प्लॅस्टिकचा पत्रा मापात कापता येत नाही, आणि त्याचे कुणाला वाईटही वाटत नाही.

हे काम बिनडोक नव्हे. पारा तीस अंशांनी चढला की आठ फुटी पीव्हीसी पत्रा चार-पाच मिलिमीटर लांबतो. म्हणून चौकटीत मोकळीक सोडावी लागते, स्क्रूचे भोकही मोठे पाडावे लागते. धुळ्याकडच्या आमच्या खेड्यात धाब्याच्या झरोक्यावर पत्रा बसवताना वडिलांनी ही मोकळीक बोटाने मोजली. ते शाळेत गेलेले नाहीत. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मी पट्टी हातात घेतली की ते म्हणतात, "तू शिक, हाई काम आमनं शे."

या मायेतच धोका आहे. आज जे काम माझ्या हातून काढून घेतले, ते उद्या मला हलके वाटेल. मग ते करणारेही. म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस गावच्या कारागिरांना गुरू म्हणून बोलवावे. भाषणासाठी नव्हे, शिकवण्यासाठी.